घागरीच्या मापाने

चेन्नईतल्या मैलापूर किंवा ट्रिप्लिकेनच्या जुन्या गल्ल्यांत मराठी पाहुण्याची नजर दाराशी उभ्या असलेल्या हापशावर अडते. आपल्याकडे हापसा म्हटला की गावची बोअर आठवते. इथल्या अनेक हापशांखाली मात्र बोअर नसते. ते बसवलेले असतात थेट शहराच्या पाणीपुरवठ्याच्या जोडणीवर. पाइपातल्या पाण्याला दाब इतका कमी असतो की ते जमिनीवरच्या तोटीपर्यंत आपसूक चढत नाही. म्हणून नळाचे पाणीसुद्धा हापसून काढायचे. तमिळमध्ये त्याला ‘अडी पंपु’ म्हणतात. पाणी येण्याच्या वेळी घरातले कोणीतरी दांडा हाणत असते आणि खाली प्लास्टिकचा रंगीत ‘कुडम’, म्हणजे आपली घागर, भरत असतो.

समुद्रकाठच्या महानगराने पाण्याच्या ओढीशी किती जुना संसार मांडला आहे, हे या हापशावरून कळते. ब्रिटिश अमलात १७७२ साली ‘सेव्हन वेल्स’ या विहिरींतून इंग्रजांच्या किल्ल्याला पाणी पुरवायला सुरुवात झाली. १८७२ साली कोसस्थलैयार नदीचे पाणी बंधाऱ्याने वळवून चोळावरम आणि रेड हिल्स तलावांतून शहरात आणले गेले. १९४४ साली पूंडी जलाशय पूर्ण झाला. त्यासाठी झटलेल्या महापौर एस. सत्यमूर्ती यांचे नाव त्याला दिले आहे. शहर वाढत गेले, तलाव मात्र पावसावरच अवलंबून राहिले. त्या पावसाने पाठ फिरवली की घराघरांतल्या घागरी रस्त्यावर येतात. २०१९ च्या उन्हाळ्यात त्या आल्या, आणि आणीबाणीत घराला पाणी पोचते म्हणजे नेमके काय होते, ते सगळ्या देशाने पाहिले.

चार तलाव, एक तारीख

पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चेन्नईचे चार मुख्य तलाव. चारही तुडुंब भरले तर त्यांत ११,२५७ दशलक्ष घनफूट, म्हणजे सव्वाअकरा टीएमसी पाणी मावते. शहराचा पाऊस प्रामुख्याने ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळातला. वर्षाची सरासरी साधारण १,४०० मिलिमीटर, लातूर-धाराशिवकडच्या माणसाला हेवा वाटावा इतकी. पण हा पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो आणि एखाद्या वर्षी फिरकतही नाही. २०१५ च्या डिसेंबरात याच शहरात अड्यार नदीचा पूर घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत गेला होता. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, ईशान्य मोसमी पावसाने दगा दिला. २०१८ च्या अखेरीला पुन्हा तेच झाले.

१९ जून २०१९ रोजी चारही तलाव कोरडे ठरले. क्षमतेच्या एक टक्काही पाणी त्यांत उरले नव्हते. चेंबरंबाक्कमच्या तळाची माती भेगाळली होती. एरवी रोज सुमारे ८३ कोटी लिटर पाणी पुरवणारे चेन्नई महानगर पाणीपुरवठा मंडळ, लोकांच्या बोलण्यातले ‘मेट्रो वॉटर’, ५२.५ कोटी लिटरांवर आले. माणसे मात्र तितकीच होती, सत्तर लाखांच्या आसपास.

आदल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनने ‘डे झीरो’ हा शब्द जगभर नेला होता. तिथल्या प्रशासनाने नळ बंद करायचा दिवस आधीच जाहीर केला. फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरांची मर्यादा घातली. वेळ आलीच तर सुमारे दोनशे केंद्रांवर माणशी २५ लिटर पाणी वाटण्याचा आराखडा केला. लोकांनी वापर इतका आवरला की तो दिवस पुढे पुढे ढकलला गेला आणि शेवटी उजाडलाच नाही. चेन्नईत उलटे घडले. तारीख आधी कोणी सांगितली नव्हती. तलाव आटले आणि मग लोकांना कळले की तो दिवस येऊन गेला आहे.

रस्त्यापासून माठापर्यंत

तलाव आटले तरी शहरात पाणी येत होते. मिंजूर आणि नेम्मेली इथे समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प चालू होते. त्यांची क्षमता प्रत्येकी रोज दहा कोटी लिटर. पहिला २०१० चा, दुसरा २०१३ चा. कडलूर जिल्ह्यातल्या चोळकालीन वीरानम तलावाचे पाणी २००४ पासून सव्वादोनशे किलोमीटरांहून लांब पाइपातून येत होते. मांगाडूजवळच्या शिक्करायपुरम इथल्या दगडखाणींत साठलेले पाणी उपसून, शुद्ध करून शहराला दिले जात होते. तिरुवळ्ळूर जिल्ह्यातल्या शेतविहिरींचे पाणीही विकत घेतले जात होते.

हे पाणी घरात कसे जायचे? पाइपात दाब नाही, म्हणून ते चाकांवर निघाले. ‘तण्णी लॉरी’ हा चेन्नईच्या रस्त्यांवरचा नेहमीचा शब्द त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या तोंडी झाला. मेट्रो वॉटरच्या शेकडो लॉऱ्या दिवसाला हजारो खेपा करत होत्या. वस्त्यांच्या कोपऱ्यांवर काळ्या प्लास्टिकच्या टाक्या ठेवलेल्या असतात. लॉरी त्या फुकट भरून जाई आणि मग तोट्यांशी रांग लागे. जागा धरायला घागरी आधीपासून ओळीने मांडलेल्या असत. लॉरी पहाटे येईल की रात्री, याचा नेम नसे. कोणीतरी जागे राही आणि गाडीचा आवाज आला की शेजारच्यांची दारे वाजवी.

याच शहरात दुसरीही एक व्यवस्था होती. फ्लॅटच्या इमारतीखाली ‘संप’ असतो, म्हणजे जमिनीखालची टाकी. बारा हजार लिटरांची लॉरी आली की पाइप थेट संपात सोडायचा. तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत आणि मग नळाला. वीस फ्लॅट आणि ऐंशी माणसे असलेल्या इमारतीत माणशी १३५ लिटर हे शहरी प्रमाण धरले, तर एक लॉरी जेमतेम एक दिवस पुरते. मेट्रो वॉटरकडे नोंदणी केलेली लॉरी यायला आठवडे लागू लागले. खासगी लॉरीचे दर दुप्पट-तिप्पट झाले. जुना महाबलीपुरम रस्ता हा चेन्नईचा संगणक उद्योगाचा पट्टा. तिथल्या कित्येक सोसायट्यांपर्यंत शहराची पाइपलाइन पोचलेलीच नव्हती. बोअर आणि खासगी लॉरी यांवरच त्यांचा संसार. कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितले. लहान खानावळींनी दुपारची जेवणे कमी केली. काही वसतिगृहांनी मुलांना घरी धाडले.

दोन्हीकडे पाणी लॉरीनेच येत होते, पण ज्याच्याकडे साठवायला जागा होती त्याला निदान एका दिवसाचा अवधी मिळत होता. ज्याच्याकडे फक्त तीन घागरी होत्या, त्याची टंचाई रोज सकाळी नव्याने सुरू होई. पंधरा लिटरांची भरलेली घागर पंधरा किलो वजनाची असते. रस्त्यावरच्या टाकीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत ती उचलून नेणारे हात बहुतेक वेळा बाईचे किंवा शाळकरी मुलीचे असतात. शहराच्या आकडेवारीत ५२.५ कोटी लिटर ‘पुरवले’ असे लिहिले जाते. त्यातले शेवटचे शंभर पावलांचे अंतर मात्र त्या हिशेबात कुठेच येत नाही.

रुळांवरून आलेले पाणी

१२ जुलै २०१९ रोजी दुपारी चेन्नईच्या विल्लिवाक्कम स्थानकात ५० वाघिणींची गाडी शिरली. प्रत्येक वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर, एकूण २५ लाख लिटर पाणी. ते भरले होते दोनशे किलोमीटरांवरच्या जोलारपेट इथे, कावेरीच्या पाणीयोजनेतून. राज्य सरकारने या कामासाठी ६५ कोटी रुपयांची तरतूद केली होती. विल्लिवाक्कमहून ते पाणी पाइपाने किलपॉकच्या जुन्या जलशुद्धीकरण केंद्रात नेले गेले. आपले पाणी राजधानीला का, असा प्रश्न जोलारपेटच्या बाजूनेही उठला, कारण तिकडची गावेही तहानलेलीच होती.

मराठी वाचकाला हे दृश्य अनोळखी नाही. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरचे नळ थांबले. त्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांवर भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. मग ११ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ निघाली. पाणी कृष्णेचे. मिरजेत ते जुन्या हैदरखान विहिरीतून रेल्वेच्या यार्डात आणून वाघिणींत भरले जाई. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास. पुढे गाडी ५० वाघिणींची झाली. ऑगस्टपर्यंत तिने लातूरला वीस कोटी लिटरांहून अधिक पाणी पोचवले.

दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, पण त्यांचे वजन घरात वेगवेगळे पडते. जवळजवळ चार लाखांच्या लातुरात २५ लाख लिटरांची गाडी म्हणजे माणशी सहा लिटर. त्या दिवसाचे पिणे आणि स्वयंपाक भागला. चेन्नईत तीच गाडी शहराच्या कमी केलेल्या रोजच्या पुरवठ्याच्या अर्धा टक्काही भरत नाही. दिवसात अनेक फेऱ्या झाल्या तरी तिने शहराची तहान भागणार नव्हती. तिचे मोल कशात, हे वेगळ्या हिशेबाने पाहावे लागते. माणशी १३५ लिटर धरले तर ते पाणी साडेअठरा हजार माणसांचे. माणशी १५ लिटर धरले तर सुमारे एक लाख सहासष्ट हजार माणसांचे. आणीबाणीत पाणी किती आहे याइतकेच ते कशासाठी वापरायचे, हे ठरवणे महत्त्वाचे असते. तो निर्णय अखेर स्वयंपाकघरात होतो.

पंधरा लिटरांचा दिवस

युद्ध, भूकंप, दुष्काळ अशा संकटांत मदत करणाऱ्या संस्थांनी मिळून ‘स्फिअर’ नावाची प्रमाणे ठरवली आहेत. त्यांत माणशी रोज किमान पंधरा लिटर पाणी धरले आहे. पिण्यासाठी आणि अन्नातून अडीच ते तीन लिटर, स्वयंपाकाला तीन ते सहा, अंगाच्या स्वच्छतेला दोन ते सहा. पाण्याची जागा घरापासून पाचशे मीटरांच्या आत हवी आणि रांगेत अर्ध्या तासाहून जास्त जाऊ नये, असेही त्यांत म्हटले आहे. आणि प्रत्येक घराकडे दहा ते वीस लिटरांची निदान दोन भांडी हवीत: एक आणण्यासाठी, एक साठवण्यासाठी, दोन्ही झाकणांची.

पाच जणांच्या घराला पंधरा लिटरांच्या हिशेबाने पाऊणशे लिटर लागतात. म्हणजे पाच घागरी. हा आकडा हाती आला की घराचा क्रम ठरवता येतो. चेन्नईच्या घरांत तो असा ठरत गेला: पिण्यासाठी वीस लिटरांचा विकतचा कॅन, स्वयंपाकाला मेट्रो वॉटरची घागर, भांडी-कपडे आणि संडासाला बोअरचे खारट पाणी. भाजी धुतलेले पाणी कुंडीत, कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी संडासात. फ्लशचा एक दट्ट्या सहा ते दहा लिटर पाणी ओततो. तिथे बादली आणि मगा आला की पाच जणांच्या घरात दिवसाच्या दोन-तीन घागरी सहज वाचतात. पाणी गाळणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणीही लोकांनी बादलीत धरायला सुरुवात केली. एक पेला शुद्ध पाणी देताना हे यंत्र त्याहून जास्त पाणी बाहेर टाकते, ही गोष्ट एरवी कोणाच्या ध्यानातही येत नसे.

पाणी मिळाले तरी ते पिण्याजोगे आहे का, हा प्रश्न राहतोच. शेतविहिरीतून निघालेले पाणी लॉरीत, लॉरीतून टाकीत, टाकीतून घागरीत आणि घागरीतून पेल्यात जाते. प्रत्येक टप्प्यावर एखादा हात, एखादी नळी, एखादे उघडे तोंड असते. टंचाईच्या दिवसांत जुलाब आणि कावीळ वाढते ती यामुळे. खळखळून उकळी आल्यावर पाणी मिनिटभर तसेच उकळत ठेवले की त्यातले जंतू मरतात. गॅस नसेल तर क्लोरीनची गोळी, किंवा आपल्या ग्रामपंचायतींत ज्याला टीसीएल म्हणतात ती ब्लीचिंग पावडर योग्य प्रमाणात. टाकल्यावर अर्धा तास थांबायचे. नंतरही पाण्यात थोडे क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे, कारण तेच पुढच्या हातापासून पाण्याला जपते. पाणी गढूळ असेल तर आधी कापडाने गाळून घ्यावे, नाहीतर क्लोरीन गाळावरच खर्ची पडते. खारटपणा, फ्लोराइड किंवा कीटकनाशके मात्र उकळून जात नाहीत. पाणी आटते तसे त्यांचे प्रमाण उलट वाढते. म्हणून बोअरचे चवीला मचूळ लागणारे पाणी कितीही उकळले तरी पिण्याचे होत नाही. आणि घागरीत हात बुडवण्याऐवजी लांब दांड्याचे ओगराळे वापरायची जुनी पद्धत आजच्या आरोग्यशास्त्रालाही तंतोतंत पटते.

वाळूखालची टाकी

चेन्नईतल्या काही घरांना त्या उन्हाळ्यात लॉरीची वाट पाहावी लागली नाही. बेझंट नगर, अड्यार अशा समुद्राजवळच्या भागांतल्या काही उघड्या विहिरींत पाणी होते. त्यामागे पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याचे बरेच वर्षांचे काम होते. भौतिकशास्त्राचे अभ्यासक शेखर राघवन यांनी १९९० च्या दशकापासून हे काम हाती घेतले. घरोघरी जाऊन त्यांनी लोकांना गच्चीचे पाणी विहिरीत सोडायला शिकवले. २००२ साली चेन्नईत याच कामासाठी ‘रेन सेंटर’ उभे राहिले. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, जयललिता सरकारने राज्यातल्या सगळ्या इमारतींना, जुन्यांनाही, पाऊसपाणी मुरवण्याची सोय सक्तीची केली. त्यानंतरच्या चांगल्या पावसाळ्यांत चेन्नईच्या विहिरींची पातळी वर आली.

समुद्रकाठी हे काम विशेष मोलाचे ठरते. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ नियम असा की समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर त्याच्या भाराने खाली चाळीस मीटरांपर्यंत गोडे पाणी टिकते. उपसा करून ते एक मीटर संपवले की खारे पाणी खालून चाळीस मीटर वर चढते. मिंजूरच्या परिसरात दशकानुदशके झालेल्या उपशाने समुद्र असाच काही किलोमीटर आत आला आणि शेतविहिरी खाऱ्या झाल्या. गच्चीतून आलेला पाऊस विहिरीत सोडला की तराजूचे पारडे पुन्हा गोड्या पाण्याच्या बाजूला झुकते.

शंभर चौरस मीटरांची गच्ची आणि १,४०० मिलिमीटर पाऊस: हिशेबाने एक लाख चाळीस हजार लिटर. वीस टक्के वाया गेले तरी एक लाख बारा हजार उरतात. चार माणसांच्या घराने रोज चारशे लिटर वापरले तर ते २८० दिवस पुरतील. हे सगळे पाणी साठवायला तेवढी मोठी टाकी कोणाकडेच नसते. म्हणून वाळूचाच संप करायचा. पण २००३ नंतर बसवलेले अनेक पाइप पुढच्या वर्षांत तुंबले. फिल्टरच्या खड्ड्यांवर फरशा बसल्या, काही ठिकाणी त्यांत कचरा साठला. २०१९ च्या उन्हाळ्यात ते उघडून साफ करायला लोकांची पुन्हा धावपळ झाली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, सुमारे साडेसहा महिन्यांनी, शहरात पहिली सर आली. तेव्हा कित्येकांनी गच्चीच्या पन्हाळीखाली हाताला येईल ते भांडे लावले.

झीरो पॉइंट

चेन्नईच्या पाण्यात महाराष्ट्राचाही एक वाटा लिहिलेला आहे. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी आपापल्या कृष्णेच्या हिश्श्यातून प्रत्येकी पाच टीएमसी, एकूण पंधरा टीएमसी पाणी मद्रासला द्यायचे मान्य केले. वाटेतली तीन टीएमसी घट धरून शहराला बारा मिळायचे. ‘तेलुगू गंगा’ नावाने कालवे खोदले गेले. महाबळेश्वरात उगम पावणारी कृष्णा श्रीशैलमला अडते. तिथून कालव्यांनी सोमशिला आणि कंडलेरू या जलाशयांत पाणी येते आणि तिथून दीडशे किलोमीटरांच्या कालव्याने तमिळनाडूच्या सीमेवर. १९९६ साली ते पहिल्यांदा पूंडीला पोचले. ठरलेले बारा टीएमसी वर्षानुवर्षे पुरते येत नाहीत, कारण वाटेतल्या शेतकऱ्यांची गरज आणि वरच्या धरणांतला साठा आधी पाहिला जातो. एकाच नदीचे पाणी मिरजेहून रेल्वेने लातूरला गेले आणि कालव्याने चेन्नईला येते, ही गोष्ट नकाशा समोर ठेवला की स्पष्ट दिसते.

ऊतुकोट्टैजवळ, जिथे हा कालवा तमिळनाडूत शिरतो, त्या जागेला अभियंते ‘झीरो पॉइंट’ म्हणतात. तिथे पाणी मोजले जाते. २०१९ च्या उन्हाळ्यात तो कालवा कोरडा होता. पावसाळ्यात श्रीशैलम भरले, कंडलेरूत साठा झाला आणि सप्टेंबरच्या अखेरीस पाणी सुटले. काही दिवसांत ते झीरो पॉइंट ओलांडून पूंडीकडे गेले. ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला, जोलारपेटची गाडी थांबली. २०२४ च्या फेब्रुवारीत नेम्मेलीला रोज पंधरा कोटी लिटरांचा आणखी एक प्रकल्प सुरू झाला. मैलापूरच्या गल्लीतले हापसे मात्र अजून जागच्या जागी आहेत. पाण्याची वेळ झाली की त्यांच्या दांड्यांचा आवाज अजूनही रस्त्यापर्यंत ऐकू येतो.